दुखणे कोठे आणि रोग कोठे?
(कान, जबडा व मुख ह्यांच्या विकारांविषयी)

शरीरविज्ञानाच्या पाठात आम्ही विद्यार्थ्यांस एक सोपा प्रयोग करावयास सांगत असतो. दोन्ही हातांची पहिली बोटे कानाच्या भोकाच्या किंचित पुढे, गालाच्या कडेवर ठेवावीत. मग तोंड सावकाश उघडावे आणि मिटावे. बोटांखाली काही सरकल्यासारखे लागते. तो जबड्याचा सांधा होय. हा सांधा व कानाची नळी ह्यांच्यामध्ये हाडाची एक पातळ भिंत मात्र आहे. इतक्या निकटच्या शेजाऱ्यांपैकी एकास पीडा झाली असता दुसरा कण्हू लागला, तर त्यात नवल ते काय?

ह्या दोघांचा संबंध केवळ शेजाराचा नाही. मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. त्यांपैकी पाचवी, सातवी, नववी व दहावी ह्या जोड्यांचे फाटे कानापर्यंत पोचतात, आणि ह्यांचेच दुसरे फाटे दाढा, जबडा, जीभ, टॉन्सिल व घसा येथवर गेलेले असतात. आमच्या बदलापूर-अंबरनाथच्या वाचकांस ही गोष्ट रेल्वेच्या दाखल्याने चटकन समजेल. कसाऱ्याकडील व कर्जतकडील असे दोन मार्ग कल्याणास एकत्र होतात. ठाण्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशास गाडी खोळंबली एवढेच कळते. बिघाड आसनगावाकडे झाला की बदलापुराकडे, हे चौकशी केल्यावाचून कळत नाही. मेंदूचीही अशीच गत होते. खालची दाढ किडलेली असता किंवा घशात सूज असता मनुष्य कान धरून बसतो, आणि कान तपासावा तर तो अगदी निर्दोष असतो.

म्हणून उपचारापूर्वी निदान, हा वैद्यकाचा पहिला नियम होय. आमच्याकडे पुष्कळदा ह्याच्या उलट घडते. सोनिवलीच्या शेतकऱ्याच्या घरी काय किंवा उल्हासनगरच्या चाळीत काय, मुलाचा कान ठणकू लागला की प्रथम लसूण घालून कढविलेले तेल त्यात ओतले जाते. तेल ओतणाऱ्या आजीची माया खरी असते, ह्यात संशय नाही. तथापि कानाच्या पडद्यास छिद्र पडलेले असेल तर ते तेल आतील भागात उतरून अपाय करते. पावसाळ्यात आपल्या दमट हवेमुळे कानात बुरशी धरते व खाज सुटते. त्या बुरशीस तर तेल पोषकच होते. आगपेटीची काडी, केसांतील आकडा आणि कापूस गुंडाळलेली काडी ही तिन्ही कानाची शत्रू समजावीत. मळ हा बहुधा आपोआप बाहेर सरकत येतो. काडीने तो अधिकच आत ढकलला जातो.

लहान मुलांचा कान सर्दीनंतर का दुखतो, हेही समजून घेण्याजोगे आहे. कानाचा मधला भाग व नाकाची मागील बाजू ह्यांना जोडणारी एक नळी असते. मुलांमध्ये ती आखूड व जवळजवळ आडवी असल्यामुळे नाकातील संसर्ग सहज कानात शिरतो. ह्या ठिकाणी रोगाचे मूळ नाकात व दुखणे कानात असते. कान वरचेवर वाहू लागला तर पालकांनी तो कान, नाक व घशाच्या डॉक्टरांस दाखवावा. वर्गात मागील बाकावर बसून लक्ष न देणारा मुलगा कित्येकदा आळशी नसतो, त्यास ऐकू येत नसते.

डॉक्टर नादकाट्याने हे कसे ओळखतात, ते आमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस आवडेल. कंप पावणारा काटा प्रथम कानामागील हाडावर टेकवितात व मग कानासमोर धरतात. निरोगी मनुष्यास तो कानासमोर अधिक मोठ्याने ऐकू येतो. ह्याच्या उलट तो हाडावरच मोठा वाटला, तर बाहेरील अथवा मधल्या कानात अडथळा आहे असे समजतात. एवढ्याशा साधनाने केवढे निदान होते!

कानाच्या पुढे व खाली गाल सुजला असता ते बहुधा गालगुंड असते. ही सूज लाळ निर्माण करणाऱ्या ग्रंथीची होय. हा रोग विषाणूपासून होतो, त्यावर खास औषध नाही; विश्रांती, पातळ अन्न व भरपूर पाणी हाच उपचार. सूज आल्यापासून पाच दिवस मुलास शाळेत पाठवू नये. क्वचित प्रसंगी ह्या रोगाने एका कानाचे ऐकणे कायमचे जाते. ह्यावर लस निघालेली आहे. तिच्याविषयी डॉक्टरांस विचारावे. तसेच जखमेनंतर जबडा घट्ट बसू लागला तर तो धनुर्वात असू शकतो. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. त्याची लस मुलांस दहाव्या व सोळाव्या वर्षी देण्याचा सरकारी क्रम आहे, तो चुकवू नये.

आता ज्या विकाराकरिता आम्ही मुख्यतः ही लेखणी हाती घेतली, त्याकडे वळू. हा विकार प्रारंभी दुखत नाही, म्हणूनच तो अधिक घातक होय. प्रथम मुलास तिखट सोसेनासे होते. आमटीचा घास घेताच तोंडाची आग होते. आई आमटी सौम्य करते आणि गोष्ट तेथेच राहते. पुढे गालाची आतली त्वचा पांढुरकी पडते, तिच्यात दोऱ्यांसारखे ताठ पट्टे हातास लागतात, शीळ घालता येत नाही, फुगा फुगविता येत नाही. टाळूचे स्नायू आखडल्यामुळे कोणास कानही दुखू लागतो व कमी ऐकू येते. शेवटी तोंड इतके मिटत जाते की घास कष्टाने आत जातो. ह्यास डॉक्टर 'ओरल सबम्यूकस फायब्रोसिस' म्हणतात. आपल्या देशात त्याचे वर्णन प्रथम मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी ह्यांनी १९५३ साली केले. ते दंतवैद्य नव्हते, तर कान, नाक व घशाचे तज्ज्ञ होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ह्या विकाराचे मुख्य कारण सुपारी होय. सुपारीतील अरेकोलीन नावाच्या द्रव्यामुळे त्वचेखालील पेशी प्रमाणाबाहेर तंतू विणू लागतात, आणि सुपारीतील तुरट द्रव्ये त्या तंतूंस चिवट करतात. येथे तंबाखूची आवश्यकता नाही. 'आमचा मुलगा तंबाखू खात नाही, नुसती गोड सुपारी खातो,' असे समाधान मानणाऱ्या पालकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूविरहित सुपारीसही मनुष्यास कर्करोगकारक ठरविले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात ह्या विकाराच्या ६६ रुग्णांवर १७ वर्षे नजर ठेवली. त्यांपैकी ५ जणांस मुखाचा कर्करोग झाला, असे त्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केले.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाला ह्यांवर बंदी घातली. २००३ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकता येत नाहीत. परंतु नुसती सुपारी ही तंबाखू नव्हे. म्हणून तंबाखूसाठी घातलेले हे कुंपण तिला अडवीत नाही. लग्नाच्या पंगतीनंतर सुगंधी सुपारीचे तबक मुलांपुढे आपणच धरतो. बडीशेपेने तेच काम भागते. मग हा मोह कशाला?

परीक्षा घरच्या घरी करता येते. आपल्याच हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढील दातांमध्ये जातात की नाही, ते पाहावे. निरोगी तोंडात ती सामान्यतः जातात. न गेल्यास, किंवा तोंडातील व्रण दोन आठवड्यांत भरून न आल्यास, दंतवैद्यास दाखवावे. मुंबईस नायर दंत महाविद्यालय आहे, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि परळास १९४१ साली स्थापन झालेले टाटा स्मारक रुग्णालय आहे. बदलापुराहून परळास तर एकाच लोकलने जाता येते.

ह्या विकारात एकदा विणले गेलेले तंतू पुरते नाहीसे होत नाहीत. सुपारी सोडणे, तोंड उघडण्याचे व्यायाम, गालात द्यावयाची इंजेक्शने, आणि विकार फार वाढल्यास शस्त्रक्रिया, असे उपाय आहेत. त्यांनी तोंड काहीसे उघडते, व नियमित तपासणीने कर्करोग वेळीच ओळखता येतो. परंतु पहिला उपाय सोडून बाकीचे सर्व केले तर ते पालथ्या घड्यावर पाणी होय, आणि तो पहिला उपाय कोणत्याही रुग्णालयात मिळत नाही.

विद्यार्थिमित्रहो, तिखटाने तोंडाची आग होत असेल तर ती आईपासून लपवू नका. आणि पालकहो, मुलाने सांगितले तर रागावण्यापूर्वी त्याचे तोंड उजेडात पाहा. रागावलेल्या घरातील मूल दुसऱ्या वेळी सांगत नाही, आणि हा रोग तर न सांगितल्यानेच वाढतो.