खोलीला कोणता रंग द्यावा?

मुलांनो, ईद जवळ आली की तुमच्या घरी रंगाची चर्चा सुरू होते ना? कोणी म्हणते गुलाबी, कोणी म्हणते अस्मानी. दुकानातून शेड कार्ड येते. सगळे त्याभोवती बसतात आणि आपापल्या आवडीवर बोट ठेवतात.

१९९९ च्या जानेवारीत, रमजान ईदच्या आधी, आमच्याही घरी असेच झाले. मी तेव्हा सहावीत होतो. आपा दहावीत होती आणि मार्चमध्ये तिची परीक्षा होती. आमची खोली १० फूट रुंद आणि १२ फूट लांब. खिडकी एकच, तीही उत्तरेला, अरुंद गल्लीत उघडणारी. अब्बांना गडद हिरवा रंग आवडला. कार्डावर तो चौकोन काडेपेटीएवढा होता आणि खरोखरच सुंदर दिसत होता. रंगाऱ्याने दोन दिवसांत ऑइल पेंटचे दोन हात दिले. काम संपले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, आणि अम्मीने दिवा लावला.

भरदुपारी दिवा! अब्बा काही बोलले नाहीत. आपाने पुस्तके उचलली आणि ती उंबरठ्यावर जाऊन बसली.

असे का झाले? खिडकीतून आलेला प्रकाश भिंतीवर आपटतो आणि परत खोलीत येतो. स्वच्छ पांढरी भिंत जवळजवळ चार पंचमांश प्रकाश परत देते. गडद हिरवी भिंत एक पंचमांशसुद्धा देत नाही; बाकीचा ती गिळून टाकते. शिवाय एका भिंतीवरचा हिरवा प्रकाश समोरच्या हिरव्या भिंतीवर पडतो, त्यामुळे लहान खोलीत रंग कार्डापेक्षा अधिकच गडद वाटतो. आपाच्या वहीचे पांढरे पानसुद्धा हिरवट दिसे.

अब्बांनी त्यावर चुन्याचा हात देऊन पाहिला. पण खाली तेलाचा रंग होता. चुना त्यावर टिकेना. आठ दिवसांत पोपडे निघाले. पुन्हा रंग आणायला पैसे नव्हते. मार्चपर्यंतचा सारा अभ्यास आपाने उंबरठ्यावर बसूनच केला.

आता तुम्हीच रंगांची तुलना करा. चुन्याची सफेदी सर्वांत स्वस्त. ओला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतो आणि भिंतीवर घट्ट होतो. त्यात थोडी नीळ टाकतात, म्हणजे पिवळटपणा झाकला जातो. तिच्यामुळे उजेड भरपूर मिळतो, पण पाठ टेकली की कपडे पांढरे होतात. फिकट पिवळा रंग पांढऱ्यापेक्षा थोडाच कमी उजेड देतो. उत्तरेच्या खिडकीतून येणारा प्रकाश निळसर असतो, म्हणून अशा खोलीत पिवळा रंग उबदार वाटतो. फिकट निळा रंग पश्चिमेच्या खोलीला चांगला, कारण तिथे संध्याकाळचे तांबूस ऊन येते. आमच्या खोलीत तो उदास दिसला असता. गुलाबी रंग चारही भिंतींना मला मुळीच आवडत नाही. आपा म्हणते, मला रंगातले काही कळत नाही! छत मात्र पांढरेच ठेवा.

रंग पाहायचा तर कार्डावर पाहू नका. भिंतीवर दोन फुटांचा चौकोन रंगवा आणि तो सकाळी, दुपारी व मगरिबनंतर दिव्याच्या उजेडात पाहा.

रंगांचे शब्दही पाहा. उर्दूतील सब्ज म्हणजे मराठीत हिरवा, जर्द म्हणजे पिवळा, सुर्ख म्हणजे लाल किंवा तांबडा. गुलाबी आणि अस्मानी हे दोन्ही भाषांत आहेत. आपण हिरवा पडदा, हिरवी भिंत, हिरवे दार असे म्हणतो. पण गुलाबी पडदा, गुलाबी भिंत, गुलाबी दार! गुलाबी शब्द बदलत नाही.

रंग किती लागेल? आमच्या खोलीच्या चार भिंतींची एकूण लांबी ४४ फूट आणि उंची १० फूट, म्हणजे ४४० चौरस फूट. त्यातून दाराचे २१ आणि खिडकीचे १६ चौरस फूट वजा केले की ४०३ उरतात. समजा, डब्यावर लिहिले आहे की १ लिटर रंग दोन हातांसाठी ६० चौरस फुटांना पुरतो. मग ७ लिटर रंग आणावा लागेल.

एक काळजी घ्या. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. २०१७ च्या नोव्हेंबरपासून आपल्या देशात घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे चालत नाही. पण भिंतीवरचा थर त्याआधीचा असला तर? तो कोरडा खरवडू नका. भिंत ओली करा, धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि घरातल्या लहानग्यांना बाहेर पाठवा.

आमच्या खोलीला पुढच्या ईदला, २००० च्या जानेवारीत, फिकट पिवळा रंग दिला. रंगाऱ्याने आधी हिरवी भिंत पॉलिश पेपरने घासली. शिशाचे तेव्हा आम्हाला काहीच ठाऊक नव्हते. मी तिथेच उभा राहून मजा पाहत होतो. लोखंडी कपाट फार जड होते, म्हणून ते कोणी हलवले नाही. त्याच्या मागे तो हिरवा रंग अजून तसाच आहे.