व्हिटॅमिन ई घेताय? मग बाकीच्या गोळ्याही दाखवा

दिवाळीनंतर दिल्ली, नोएडा, गुरुग्रामवर धुरकं दाटलं की दवाखान्यात हमखास विचारणा होते, "डॉक्टर, प्रदूषणावर व्हिटॅमिन ई सुरू करू का?" बरेचदा ते सुरू झालेलंही असतं, कुणाचे केस गळतात म्हणून, कुणाची शेजारीण घेते म्हणून. धुरक्यावर उपाय म्हणजे नीट बसणारा एन-95 मास्क आणि हवा फार खराब असताना सकाळचं फिरणं बंद. कॅप्सूल ते काम करत नाही.

आधी हिशेब पाहा. अमेरिकी शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला 15 मिलिग्रॅम ई पुरतं. आपल्याकडच्या '400'च्या कॅप्सूलमधून साधारण 180 मिलिग्रॅम मिळतं, म्हणजे गरजेच्या बारा पट. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं. जास्तीचं 'सी'सारखं लघवीवाटे पटकन निघून जात नाही.

थोडे दिवस घेतल्यास बहुतेकांना काही होत नाही. काहींना मळमळ, जुलाब, पोटदुखी किंवा थकवा जाणवतो. खरी काळजी रक्तस्रावाची. मोठ्या मात्रेत ई रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा आणतं. घरातले आजोबा हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन घेत असतील, तर सुनेची कॅप्सूल त्यांच्या डबीत जाऊ देऊ नका. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त, न लागता उठलेले काळेनिळे डाग, डांबरासारखी काळी शौच अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर सर्जनला आधीच सांगा. साधारण दोन आठवडे आधी कॅप्सूल बंद करायला सांगतात.

वर्षानुवर्षं घेणाऱ्या पुरुषांसाठी आणखी एक गोष्ट. अमेरिकेतल्या 'सिलेक्ट' या चाचणीत 35 हजारांहून अधिक पुरुष होते. रोज 400 युनिट ई घेणाऱ्या गटात प्रोस्टेटच्या कर्करोगाचं प्रमाण 17 टक्के अधिक आढळलं, असं 2011 मध्ये जाहीर झालं.

मग हे औषध कुणालाच नको का? तसं नाही. अन्नातली चरबी नीट न शोषणाऱ्या आजारांत ते लागतं. फॅटी लिव्हरच्या, मधुमेह नसलेल्या काही निवडक रुग्णांनाही आम्ही ते देतो, पण तपासण्या करून आणि लक्ष ठेवून.

कॅप्सूल टोचून तेल चेहऱ्याला चोळणाऱ्यांनीही जपून राहावं. काहींना त्याने खाज आणि पुरळ येतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहा.

बाकीच्यांची गरज स्वयंपाकघरच भागवतं. मूठभर बदामांतून सुमारे 7 मिलिग्रॅम मिळतं. सूर्यफुलाचं तेल आणि भाजीतलं दाण्याचं कूट त्यात भर घालतं. तरीही कॅप्सूल घ्यायचीच असेल, तर पुढच्या भेटीला चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन या. आयुर्वेदिकही.