खाडीचं पाणी तपासताना

विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन निघालेली मिठी सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत तिच्यात सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी मिसळतं. असं पाणी तपासायचं कसं? मी तर म्हणेन, बाटली भरण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा.

खाडीत दिवसातून दोनदा समुद्र आत येतो. भरतीला सांडपाणी पातळ होतं, ओहोटीला खरं रूप उघडं पडतं. म्हणजे एकाच पुलावरून एकाच दिवशी घेतलेले दोन नमुने वेगवेगळी उत्तरं देऊ शकतात! म्हणून मी दोन्ही वेळचे नमुने घेतो. वेळ, तापमान आणि खारेपणा तिथल्या तिथे वहीत लिहितो.

विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच 'पकडावा' लागतो. नाहीतर लॅबपर्यंत पोचेतो बाटलीतले जंतूच तो फस्त करतात. बुडबुडा न ठेवता बाटली भरा, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला. साका तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर समजा, माशांनी कधीच गाशा गुंडाळलाय.

आंघोळीच्या पाण्याचा आपला निकष म्हणजे लिटरला ऑक्सिजन किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी जास्तीत जास्त ३. नुसते भरतीचे आकडे मांडले, तर खाडी कागदावर सुधारते आणि नाल्याचं तोंड तसंच वाहत राहतं. तेव्हा आकड्याशेजारी भरती-ओहोटीची नोंद नसेल, तर तो रिपोर्ट खुशाल परत पाठवा.