दुसरा बाण आणि हातातील काम

दुःख आहे, हे पहिले आर्यसत्य आपण प्रवचनांतून वारंवार ऐकतो. मात्र घरात मृत्यू झाला, मुलगा परीक्षेत नापास झाला किंवा जातीवरून कोणी टोचून बोलले, म्हणजे त्या दुःखाचे करायचे काय, हा प्रश्न उरतोच. संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. पहिला बाण शारीरिक वेदनेचा. तो कोणालाच चुकत नाही. धम्म न ऐकलेला माणूस शोक करीत राहतो आणि मनाचा दुसरा बाणही सोसतो. या दुसऱ्या बाणाच्या बाबतीत कला उपयोगी पडते, असे आम्हांस वाटते. चित्र, लेखन, गाणे, गोधडी शिवणे, काहीही चालेल. हात गुंतले की मनाचे तेच तेच घोळवणे काही वेळ थांबते. आत कोंडलेले कागदावर उतरले की त्याच्याकडे जरा दुरून पाहता येते.

दुःख कसे मांडावे, याचा धडा आपल्या गावाशीच जोडलेला आहे. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी धुळ्याहून परतताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर चाळीसगावी उतरले. अस्पृश्याला नेण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला. अखेर भाड्याने आणलेला टांगा वस्तीतील एका नवख्या माणसाने हाकला. मोरीवर अपघात होऊन बाबासाहेब फेकले गेले व त्यांच्या पायाचे हाड मोडले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत ही हकीकत आहे. मन हलके करण्यासाठी त्यांनी ती लिहिली असे आम्ही म्हणणार नाही; अस्पृश्यता म्हणजे काय, हे परक्यांना कळावे हा तिचा हेतू. पण त्यात आक्रोश नाही. घडले ते क्रमाने, शांतपणे आले आहे.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांची गोष्ट अधिक घरगुती. किराणा दुकानात बसल्या बसल्या त्या लिहीत आणि ते लिखाण घरच्यांपासून लपवून ठेवीत. असे सुमारे वीस वर्षे चालले. १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले, तेव्हा ते साऱ्या समाजाचे झाले. परंतु त्याआधीची वीस वर्षे ते लिखाण त्यांचे एकटीचे होते, हेही विसरू नये.

आपल्या स्टेशनजवळच कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांचे घर आहे. विलायतेत शिकून आलेला हा कलावंत सुमारे पन्नास वर्षे क्वचितच घराबाहेर पडला. ते प्रेयसीच्या गाडीची वाट पाहत होते, असे लोक सांगतात. टेबलावर लहानसहान वस्तूंचे देखावे मांडून त्यांनी छायाचित्रे काढली. चित्रे, शिल्पे, कागदकामही केले. कलेने त्यांना साथ दिली, यात शंका नाही. तरीही विद्यार्थ्यांनी त्यांचे कोंडून घेणे उचलू नये, कामातील चिकाटी तेवढी घ्यावी. आपल्याला संघही हवा.

काही उपासक विचारतील, अष्टशीलातील सातवे शील नृत्य-गीत-वादनापासून दूर राहण्यास सांगते, त्याचे काय? ते उपोसथाचे व्रत आहे. रोजच्या पंचशीलात ते नाही. शिवाय आपल्या डोंगरापलीकडील पितळखोऱ्याच्या लेण्यांत हसऱ्या यक्षाची मूर्ती सापडली. ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याचे तिच्या तळहातामागे कोरले आहे. भिक्खूंच्या विहारातच कलेला जागा होती.

प्रत्यक्षात काय करावे? १९८६ साली अमेरिकेत पेनेबेकर व बील यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटे मनाला लागलेल्या प्रसंगावर लिहिले. लिहून होताच त्यांना अधिकच उदास वाटले. मात्र घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढील महिन्यांत इतरांहून कमी झाल्या. तेव्हा पहिल्या दिवशी रडू आले म्हणून वही टाकू नये. शुद्धलेखन, अक्षर, बक्षीस यांचा विचार तर मुळीच नको. आमच्या मते चित्रकलेच्या स्पर्धांनी पुष्कळ मुलांच्या हातातील ब्रश काढून घेतला आहे.

मात्र झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर वहीवर थांबू नये. डॉक्टरांकडे जावे किंवा सरकारच्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे.

आणि पालकांना एक विनंती. मुलीची वही गादीखाली सापडली, तर ती न उघडता तशीच ठेवावी. दाखवायची की नाही, ते ती ठरवील.