कन्व्हर्टर घेण्याआधी खोली ऐक

अगं, तुझा मेसेज वाचला. दीड लाखाचा कन्व्हर्टर, तोही हप्त्यांवर, आणि खाली एवढंच, "ताई, घेऊ ना?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर द्यायला मन धजत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तू पाठवलेला यमन हेडफोन लावून नीट ऐकला. गळा छान लागलाय. पण आवाज लांबून येतो, भिंतीवर आपटून परत येतो, आणि खाली सतत एक बारीक घूं आहे. हे सगळं तू माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या त्या छोट्या इंटरफेसच्या माथी मारलंस. मला वाटतं, त्याचा यात काही दोष नाही.

कन्व्हर्टर तुझ्या इंटरफेसमध्येही असतोच. त्याचं काम काय, तर माइकमधून आलेली विजेची लहर आकड्यांत लिहून काढणं. सेकंदाला 44,100 वेळा मोजणी झाली, की 22 हजार हर्ट्झपर्यंतचं सगळं त्यात येतं, आणि माणसाचा कान 20 हजारांच्या पुढे जात नाही. आता बारीक-मोठ्या आवाजातलं अंतर. 16 बिटांत सुमारे 96 डेसिबल मावतात. 24 बिटांत कागदावर 144, पण सर्किटचा स्वतःचा खरखराट असतोच, त्यामुळे प्रत्यक्षात चांगली यंत्रं 110 ते 125 च्या दरम्यान थांबतात. दहा-वीस हजारांचे आजचे इंटरफेसही 110 च्या आसपास सहज पोचतात.

आता तुझी खोली घे. रात्री अकरा वाजता, पंखा बंद, खिडक्या बंद, तरी तिथे 30 डेसिबलचा आवाज असणारच. माइकपासून एका वितीवर तू तार षड्ज मोकळेपणाने लावलास तर तो 95 च्या आसपास जाईल. म्हणजे तुझ्या सगळ्यात मोठ्या स्वरात आणि खोलीच्या तळात अंतर 65 चं. तुझा इंटरफेस त्याहून कितीतरी जास्त सांभाळू शकतो. कांदे तोलायला सराफाचा काटा आणला, तरी कांद्यांचं वजन तेच राहतं गं.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः करून बघ. माइक जोडून, नेहमीच्या गेनवर, एक मिनिट काहीही न गाता रेकॉर्ड कर. मग ती फाइल सॉफ्टवेअरमध्ये भरपूर मोठी करून ऐक. फ्रिजचा कॉम्प्रेसर येईल, लिफ्ट येईल, खालच्या गल्लीतली रिक्षा येईल. त्यानंतर लॅपटॉपचा चार्जर काढून, बॅटरीवर, तेच पुन्हा कर. घूं नाहीशी झाली, तर ती 50 हर्ट्झची घरातल्या विजेची गुणगुण होती आणि तुमच्या त्या बोर्डाचं अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियनला बोलवायला हवं. (कोणी तिसरी पिन काढून टाक म्हणून सांगेल. अजिबात ऐकू नकोस, जिवाशी खेळ आहे तो.) लाखाचा कन्व्हर्टर ही घूं घालवणार नाही, इमानदारीने लिहून ठेवेल.

खोलीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण खरं दुखणं तिथेच आहे. तुझी खोली दहा बाय दहा. समोरासमोरच्या भिंतींमध्ये दहा फूट असले की आवाज 56 हर्ट्झला घुमतो, मग 112 ला, मग 169 ला. लांबी आणि रुंदी सारखीच, त्यामुळे दोन्हीकडून तेच घुमणं एकावर एक चढतं. तुझ्या भावाचा डग्गा फुगून, चिखलासारखा येतो तो यामुळे. खोलीच्या बरोब्बर मध्यावर बसू नका, कोपऱ्यातही नको. भिंतीपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर बैठक घाला.

आणि ते लोखंडी कपाट. तार सप्तकात गाताना त्याच्या दारावर तळहात ठेवून बघ, पत्रा थरथरताना हाताला कळेल. ती झणझण तुझ्या आवाजाच्या कडेला बसलेली आहे, मी ऐकली. दारात कापडाची घडी सारून ते घट्ट लाव. लोक माइकच्या मागच्या भिंतीला फोम चिकटवतात, पण तुझा माइक पुढचं ऐकणारा आहे, म्हणजे तो तुझ्याकडे आणि तुझ्या पाठीमागच्या भिंतीकडे बघतो. तेव्हा जाड गोधड्या तुझ्या पाठीमागे टांग. भिंतीला चिकटवून नको, थोडी जागा सोडून.

माइकचं अंतर तर सगळ्यात स्वस्त औषध. अंतर दुप्पट झालं की तुझा थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो, भिंतींवरून येणारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. तू हातभर लांबून गातेस, मग खोली पुढे येणारच. वितीवर ये, मध्ये पॉप फिल्टर लाव, माइक तोंडासमोरून किंचित बाजूला ठेव. गेन असा ठेव की टिपेचा स्वरही मीटरवर उणे 10 च्या खालीच राहील. 24 बिटांत थोडं कमी पातळीवर रेकॉर्ड केल्याने काही बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. डायनॅमिक माइकवर अगदी हळू आलाप घेतलास, गेन शेवटपर्यंत फिरवलास, तर स्वस्त इंटरफेसमध्ये सूं ऐकू येऊ शकते. पण तो माइकचा आवाज मोठा करणाऱ्या प्रीअँपचा खरखराट, कन्व्हर्टरचा नव्हे. तिथे कमी खरखरीचा कंडेन्सर माइक कामाला येतो, आणि त्याची किंमत त्या कन्व्हर्टरच्या जवळपासही जात नाही.

महागड्या डब्याच्या आत काही गूढ असतं असंही नाही. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या नोबेओका इथे आसाही कासेईच्या चिप बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. तेव्हा जगभरच्या कित्येक ऑडिओ कंपन्या एकदम अडल्या, स्वस्त माल करणाऱ्याही आणि महाग माल करणाऱ्याही, कारण त्यांच्या रूपांतराच्या चिप तिथूनच यायच्या. काहींना दुसऱ्या कंपनीच्या चिप घेऊन आतली मांडणी नव्याने करावी लागली. आणि कानांचं म्हणशील तर 2007 मध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण एकदा सरळ आणि एकदा साध्या सीडीच्या मापातून काढून ऐकवायचं, कुठलं कोणतं ते सांगायचं नाही. 554 वेळा विचारलं, 276 उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती.

महाग कन्व्हर्टर कोणी घेऊच नये असं मी म्हणत नाही. एका वेळी सोळा-चोवीस चॅनल लागणारा स्टुडिओ, दिवसभर न अडखळता चालायला हवं असलेलं काम, किंवा मास्टरिंगमध्ये आवाज बाहेरच्या अ‍ॅनालॉग यंत्रांतून फिरवून परत आणणारे लोक, त्यांचे पैसे वसूल होतात. चांगले ड्रायव्हर आणि बरीच वर्षं मिळणारी साथ, यालाही मोल आहे. तुला मात्र दोन चॅनल लागतात, एक गळ्याला आणि एक तबल्याला.

आता मनातलं बोलू? तुझ्या मेसेजमध्ये एक वाक्य होतं, "आवाजाला प्रोफेशनल शाइन येत नाही." त्यामागची धाकधूक मला कळली. दुसऱ्या मुलींची गाणी ऐकून आपण कमी पडतो असं वाटतं, आणि ते कमीपण विकत घेता येईल अशा एखाद्या वस्तूत आहे असं कळलं की जिवाला बरं वाटतं. पण तुझ्या गळ्यात कमी काही नाही. तीव्र मध्यम ज्या आत्मविश्वासाने लागलाय, तो माइकने दिलेला नाही. पहिल्या दोन हप्त्यांएवढे पैसे बाजूला ठेव आणि कधीतरी चांगल्या स्टुडिओत एक दिवस घे, तबला-संवादिनीच्या खऱ्या साथीने. साथीदारांचं मानधन आधी द्यायचं, हेही लक्षात असू दे.

तूर्त हप्त्याच्या फॉर्मवर सही करू नकोस. आधी ते शांततेचं रेकॉर्डिंग पाठव, चार्जर लावून एक आणि काढून एक. फाइलना नावं नीट दे, म्हणजे कुठली कोणती हे मला तुला फोन करून विचारावं लागणार नाही.