जुन्या मोटारसायकलीचा चिमटा

कृष्णा नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, वाई आणि माहुलीवरून सातारा जिल्हा ओलांडते आणि पुढे सांगलीच्या काळ्या रानात शिरते. तिच्या काठाने जाणाऱ्या रस्त्यांची दोन रूपे आहेत. वर पसरणीच्या घाटात वळणे आणि उतार; खाली मळ्यांच्या वाटांवर उसाच्या गाड्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. अशा वाटांवरून एके काळी दूधवाले, शिक्षक आणि बागाईतदार जावा, येझदी, राजदूत अशा मोटारसायकलींवर बसून जात. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याचा पहिला घाव सोसावा लागे तो पुढच्या चाकाला आणि ते धरून ठेवणाऱ्या चिमट्याला.

या मोटारसायकलींचे यंत्र ‘टू-स्ट्रोक’ जातीचे होते. दट्ट्या एकदा वर आणि एकदा खाली गेला, की या यंत्राचे एक चक्र पूर्ण होते. त्याची बांधणी साधी असते. परंतु वंगणासाठी पेट्रोलमध्येच ठरावीक प्रमाणात तेल मिसळावे लागते. तेही जळते, म्हणून गाडीमागे निळसर धूर दिसतो. जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियातील. यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलींचा व्यवसाय घेतला आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव तयार केले. १९६१ सालापासून ही गाडी म्हैसूर येथे बनू लागली. पुढे तिला येझदी हे नाव मिळाले. कालांतराने धुराविषयीचे नियम कडक झाले, नव्या जातीच्या गाड्या आल्या आणि १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. कारखाना थांबला, तरी गाड्या थांबल्या नाहीत. मात्र त्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले आणि त्यांना चालते ठेवण्याचे काम गावोगावच्या कारागिरांवर येऊन पडले.

आरंभीच्या मोटारसायकलींचा चिमटा सायकलीसारखाच ताठ असे. मग त्याला स्प्रिंगा आल्या. परंतु नुसत्या स्प्रिंगेने काम भागत नाही. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग उसळून वर येते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. गाडी चेंडूसारखी उड्या मारू लागते, चाक रस्ता सोडते आणि ज्या चाकाने रस्ता सोडला, त्याला ना वळवता येते, ना थांबवता येते. या उसळीला आवर घालण्याचे काम तेल करते. १९३५ साली जर्मनीतील बीएमडब्ल्यू कारखान्याने आपल्या मोटारसायकलींना अशा तेलाचा चिमटा बसवला. त्याचे दोन्ही पाय दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकात एक सरकतात. आत स्प्रिंग असते आणि तेलही असते. पाय दबला, की ते तेल बारीक छिद्रांतून वाट काढते.

रंगपंचमीची पिचकारी हाती घेतली, तर यातील मर्म सहज उमगते. दांडा सावकाश दाबला, तर पाणी मुकाट्याने बाहेर पडते; जोराने दाबला, तर हाताला विरोध जाणवतो. चिमट्यातील तेलही असेच वागते. हादरा जितका जोराचा, तितका त्याचा विरोध अधिक. स्प्रिंग नमते आणि तेल तिला संयम शिकवते. दोघांची जोडी जमली, तरच स्वार सुखरूप राहतो.

अनेक वर्षे पडवीत उभी असलेली मोटारसायकल कामशाळेत आली, की जाणता मिस्त्री लगेच हत्यार उचलत नाही. तो प्रथम पुढचा ब्रेक दाबून धरतो आणि चिमटा दाबून सोडतो. चिमटा दोन-तीनदा उसळला, तर आतील तेल संपले किंवा निकामी झाले असे तो ओळखतो. मग तो नळीवरून बोट फिरवतो. पावसाळी हवेने नळीला गंज चढतो, तिच्यावर बारीक खळगे पडतात. वर-खाली होताना हे खळगे तेल अडवणाऱ्या रबरी सीलची कड कुरतडतात. तेल झिरपू लागते. ते ओघळत ब्रेकच्या आत शिरले, तर ऐन उतारावर ब्रेक निसटू शकतो. अशा वेळी केवळ नवे सील बसवणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय. खळगे तसेच राहिले, तर नवे सीलही थोड्याच दिवसांत फाटते.

म्हणून चिमटा पूर्ण उतरवावा लागतो. गाडीला भक्कम टेकू दिला जातो आणि वरचे झाकण बेताबेताने सोडले जाते. कारण आत दबलेली स्प्रिंग घाई करणाऱ्याला इजा करू शकते. जुने, काळवंडलेले तेल काढून सर्व भाग धुतले जातात. नळी सरळ आहे की नाही, हे पाहण्यासाठी ती सपाट काचेवर लोळवतात. ती वाकलेली असेल, तर नळी आणि काच यांच्यामधून डोकावणाऱ्या फटीतून तिचा दोष दिसतो. गंजलेली नळी घासून तिच्यावर पुन्हा क्रोमचा मुलामा चढवतात. झिजलेले बुश बाजारात मिळाले नाहीत, तर लेथवर काशाचे नवे बुश कातून घेतात. शेवटी दोन्ही पायांत मोजून सारखे तेल भरतात. एका पायात कमी आणि दुसऱ्यात अधिक तेल असेल, तर दोन्ही पाय सारखे काम करीत नाहीत. जोडणी झाल्यावर चाकाचा आस घट्ट आवळण्याआधी चिमटा काही वेळा दाबून पाहतात. त्यामुळे दोन्ही पाय आपापल्या जागी सरळ बसतात.

नळीला तडा गेला असेल, तर प्रामाणिक मिस्त्री ती जोडून देत नाही. गिऱ्हाईक नाराज झाले, पैसे बुडाले, तरी तो नकार देतो. काय वाचवावे हे ज्याला कळते, त्याला काय टाकून द्यावे हेही कळलेच पाहिजे. कारण त्या नळीवर एका माणसाचा जीव विसंबून असतो.

या परिसराला टू-स्ट्रोक यंत्रांची ओळख आणखी एका वाहनाने झाली. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स या कंपनीच्या साताऱ्यातील कारखान्यात ‘प्रिया’ स्कूटर तयार होत असे. तिची मूळ घडण इटलीतील व्हेस्पा स्कूटरची. १९४६ सालची ती स्कूटर दास्कानियो या विमानांच्या अभियंत्याने रचली होती. तिला दोन पायांचा चिमटा नाही. विमानाच्या चाकाप्रमाणे तिचे पुढचे चाक एकाच बाजूने धरलेले असते. रूप निराळे, पण तत्त्व तेच: स्प्रिंगेने नमावे, तेलाने आवरावे.

दुरुस्तीतून निर्मितीकडे जाण्याची वाटही या भूमीने पाहिली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले होते. पुढे ते लोखंडी नांगर बनवू लागले आणि १९१० साली त्यांनी कुंडलजवळच्या उजाड माळावर कारखाना उभारला. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच. दुसऱ्याने घडवलेले यंत्र जो मन लावून उलगडतो, त्याचे हात एक दिवस नवे यंत्र घडवू लागतात.

शब्दार्थ
दट्ट्या – यंत्राच्या नळकांड्यात वर-खाली सरकणारा भाग. चाकोरी – चाकामुळे पडलेली खोल वाट. कासे – तांबे व कथील यांचा मिश्रधातू. आस – चाक ज्याभोवती फिरते तो दांडा.

स्वाध्याय
१. नुसती स्प्रिंग असलेल्या चिमट्यात कोणता दोष राहतो?
२. पिचकारीचा दृष्टान्त चिमट्याला कसा लागू पडतो, ते लिहा.
३. ‘जखम न धुता पट्टी बांधणे’ हे कशाला उद्देशून म्हटले आहे?
४. तडा गेलेली नळी जोडून देण्यास मिस्त्री नकार का देतो? तुमचे मत पाच-सहा ओळींत लिहा.
५. तुमच्या गावातील एखाद्या कारागिराला भेटा आणि त्याच्या हत्यारांची नावे व उपयोग लिहून आणा.