चुलाण आणि बॉयलर

कृष्णाकाठच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत ऊस पक्व झाला, की गुऱ्हाळे सुरू होतात. चुलाणावरील काहिलीत रस उकळू लागतो आणि गुळव्या पाकावर लक्ष ठेवून उभा राहतो. गुऱ्हाळाचा फायदा मात्र काहिलीखालच्या जाळावरही अवलंबून असतो. रस काढून उरलेली चिपाडे वाळवून चुलाणात घालतात. ती पुरली, तर सरपणाचा खर्च वाचतो. न पुरली, तर सरपण विकत आणावे लागते.

चिपाडे पुरण्यासाठी ती नीट जळली पाहिजेत. जळणे म्हणजे इंधनातील कार्बनाचा हवेतील प्राणवायूशी होणारा संयोग. पुरेशी हवा मिळाली, तर कार्बन डाय-ऑक्साइड बनतो व एक किलो कार्बनापासून सुमारे ७,८०० किलोकॅलरी उष्णता मिळते. हवा कमी पडली, तर विषारी कार्बन मोनॉक्साइड बनतो व सुमारे २,२०० किलोकॅलरीच हाती येतात. काळा धूर म्हणजे काजळीच्या रूपाने बाहेर चाललेले इंधनच होय.

मग हवा भरपूर सोडावी काय? तसेही नाही. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्केच असतो. गरजेहून अधिक आलेली हवा नुसती तापते आणि जाळाची उष्णता घेऊन धुराड्यावाटे निघून जाते. म्हणून हवा गरजेहून थोडीच अधिक असावी.

रेठरे बुद्रुक व साखराळे येथील साखर कारखान्यांत उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जाळून वाफ तयार करतात. ताज्या बगॅसमध्ये जवळजवळ निम्मे पाणी असते. ते आटविण्यातच पुष्कळ उष्णता खर्ची पडते. म्हणून मोठ्या बॉयलरांत बाहेर जाणाऱ्या गरम वायूंवर आत येणारी हवा आधी तापवून घेतात. वाचलेल्या बगॅसवर वीज निर्माण करून ती विकणारे कारखानेही महाराष्ट्रात आहेत.

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात बगॅसऐवजी दगडी कोळसा जळतो. तेथे कोळसा पिठासारखा बारीक दळून भट्टीत फुंकतात. त्यामुळे कणाकणाला हवा मिळते.

चुलाण लहान व बॉयलर अवाढव्य. परंतु दोहोंचा नियम एकच. इंधन कोरडे असावे, हवा बेताची असावी आणि बाहेर जाणारी उष्णता अडवावी. कोळसा बनण्यास कोट्यवधी वर्षे लागली आहेत. ऊस पिकविण्यास शेतकऱ्याचे वर्ष जाते. असे इंधन धुरात दवडणे आपणांस परवडणारे नाही.

स्वाध्याय
१. काळा धूर कशाचे लक्षण आहे?
२. फार अधिक हवा सोडल्याने उष्णता का वाया जाते?